वीट लागली की थांबायचं

“खाली काय आहे?” बाबांनी विचारलं.

आम्ही घरामागच्या अंगणात उभे होतो. एप्रिलचा तिसरा आठवडा. न्यू जर्सीतल्या एडिसनमधली थंडी नुकती ओसरली होती, गवताला हिरवा रंग चढू लागला होता आणि मी हातवारे करत आईला सांगत होते की दुधीचा मांडव इथे, दोडका त्याच्या पलीकडे, अळू सावलीत नळाजवळ. ओक ट्री रोडवरच्या दुकानातून आणलेली बियाण्यांची पाकिटं आईच्या हातात होती. आई-बाबा पुण्याहून येऊन दहा दिवस झाले होते आणि सहा महिने राहणार होते. दुधी लागून, वाढून, खाऊन होण्याइतका हा काळ आहे, हा हिशोब आईनं विमानातच केला होता.

“खाली म्हणजे?”

“जमिनीखाली. तू सहा खांब पुरणार म्हणतेस. खालून काय काय गेलंय?”

“माती आहे, बाबा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लहानपणी ओल्या हातानं दिव्याचं बटण दाबायला गेले की ते असेच बघायचे. रागावायचे नाहीत, आवाज चढवायचे नाहीत, पण पुढे गेलेला हात आपोआप मागे यायचा.

बाबा महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळात केबल जॉइंटर होते. जमिनीखालच्या केबलचे सांधे जोडणं, बिघाड शोधणं, दुरुस्त करणं हे त्यांचं काम. २००५ साली मंडळाच्या कंपन्या झाल्या, त्याआधीच ते निवृत्त झाले, म्हणून त्यांच्या तोंडी आजही ‘मंडळ’च आहे. तीस वर्षं पुण्याच्या रस्त्याखालच्या खड्ड्यांत बसून काढलेल्या माणसाला जमीन म्हणजे नुसती माती कधी वाटलीच नाही. मला वाटत होती. या घरात राहायला येऊन आम्हाला चार वर्षं झाली होती, आणि पायाखाली काय आहे हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

मेथी-कोथिंबिरीचे वाफे करायचे असते तर वीतभर खणून भागलं असतं. मांडवाचं तसं नाही. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात जमीन वरून खाली गोठत जाते, मातीतलं पाणी गोठताना फुगतं आणि उथळ पुरलेला खांब हळूहळू वर उचलतं. दोन हिवाळ्यांत मांडव वाकडा होतो. म्हणून इथे खांबाचा पाया साधारण तीन फूट खाली न्यावा लागतो. सहा खांब म्हणजे तीन-तीन फुटांचे सहा खड्डे. आणि रस्त्याखालचा गॅसचा मुख्य नळ दोनेक फुटांवर असू शकतो. त्यातून घराकडे फुटणारी नळी खासगी आवारात एक फूट खोल असली तरी नियमात बसते. इंटरनेटची केबल तर कित्येकदा फावड्याचं पातं पहिल्यांदा रुतेल तेवढ्याच खोलीवर निघते. हे सगळं मला आता माहीत आहे. त्या दिवशी माझ्याकडे एक नवं फावडं होतं, आणि शनिवारची सुट्टी.

कुंपणापलीकडून शेजारचे काका आमचं बोलणं ऐकत होते. ते मूळचे गुजरातचे, पण या गल्लीत चाळीसेक वर्षं राहिलेले. त्यांनी हात पुसले आणि कुंपणाशी येऊन म्हणाले, “आठ-एक-एकला फोन केला का? केल्याशिवाय खणू नकोस, बेटा. या गावात तर नाहीच.”

‘या गावात’ असं ते का म्हणाले, ते मला संध्याकाळी चहाच्या वेळी कळलं.

२३ मार्च १९९४. मध्यरात्रीला पाचेक मिनिटं कमी होती. एडिसनमधल्या डरहॅम वूड्स या वसाहतीजवळ जमिनीखालून जाणारा ३६ इंच व्यासाचा, उच्च दाबाचा नैसर्गिक वायूचा नळ फुटला. काकांना वाटलं, विमान कोसळलं. ते बाहेर धावले तर अंगणात उभं राहून वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड पडला होता. ज्वाळा चारशे फुटांवर गेल्या. आठ इमारती जळाल्या, सुमारे १५०० माणसांना अंगावरच्या कपड्यांनिशी घरं सोडावी लागली. हृदयविकाराच्या झटक्यानं एक बाई गेल्या. नळातला वायू बंद करायचे व्हॉल्व्ह हातानं फिरवायचे होते, त्यामुळे तो थांबवायलाच जवळजवळ अडीच तास लागले. वसाहतीतली बहुतेक माणसं धावत सुटल्यामुळे वाचली. त्यात आपल्याकडची किती होती, हे काका बोटांवर मोजत सांगत होते: अमुक भाईंची मुलगी, तमुक बेनचा नवरा.

बाबांनी एकच प्रश्न विचारला. “फुटला कशानं?”

त्याचं उत्तर अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत मिळालं होतं. नळ गंजला नव्हता. आधी कधीतरी, जवळ खोदकाम चाललेलं असताना यंत्राचा दात त्याला घासला होता. ओरखडा उठला, तिथे पत्रा पातळ झाला, तिथून बारीक चीर वाढत गेली आणि एका रात्री नळानं दम सोडला. ज्यानं ओरखडा काढला त्यानं कुणाला सांगितलं नाही. कदाचित त्याला कळलंही नसेल. माती ओढली आणि पुढे गेला.

बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “शिशाला टोचा बसतो तसंच.”

त्यांच्या उमेदीच्या काळात केबलमधल्या तारांभोवती तेलात मुरवलेल्या कागदाचे थर गुंडाळलेले असत आणि बाहेरून शिशाचं आवरण. कागदाचा शत्रू पाणी. शिशाला कुणाच्या टिकावाचा नुसता टोचा बसला तरी वीज चालूच राहते, दिवे लागतात, कुणाला काही कळत नाही. पाऊस येतो. त्या टोच्यातून ओल आत शिरते आणि कागद धरून पुढे पुढे सरकते. मग एखाद्या जुलैमध्ये, टोचा मारणारा माणूस ती गल्ली विसरून गेलेला असताना, अर्धी पेठ अंधारात जाते. बाबा तिथे जायचे, खड्डा घ्यायचे आणि केबल कापून कागदाची एक पट्टी काढायचे. चिमट्यात धरून ती कढत मेणात बुडवायची आणि कान द्यायचा. कागद गप्प राहिला तर कोरडा. तडतडला तर ओल इथवर आलेली आहे, अजून मागे जाऊन कापा.

आई हसून म्हणाली, “फोडणीसारखं. लग्न झाल्यावर यांनी मला पहिल्यांदा काय सांगितलं असेल तर हे. मोहरी तडतडली की यांच्या कपाळावर आठी पडायची.”

सोमवारी सकाळी मी ८११ ला फोन केला. खणण्याआधी जमिनीखालच्या वाहिन्यांच्या खुणा करून मागायच्या त्या इथेच. हा क्रमांक अमेरिकेच्या संचार आयोगानं २००५ साली ठरवला आणि मे २००७ पासून तो देशभर चालू झाला. त्याआधी प्रत्येक राज्याचा वेगळा लांबलचक नंबर होता आणि तो कुणाच्या लक्षात राहत नसे. सेवा फुकट आहे. न्यू जर्सीत तसा कायदाच आहे, डरहॅम वूड्सची आग लागली त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात झालेला. खणण्याआधी कामाचे किमान तीन दिवस सोडून फोन करायचा, आणि तो दहा दिवसांपेक्षा आधीही करायचा नाही, म्हणजे खुणा ताज्या राहतात. बुलडोझरवाल्याला जो नियम तोच हातात फावडं घेतलेल्या घरमालकाला.

पलीकडच्या बाईंनी शांतपणे एकेक विचारलं. पत्ता, जवळचा चौक, घराच्या पुढे की मागे, किती खोल, हातानं की यंत्रानं, कशासाठी. मी “भाजीच्या वेलांसाठी खांब” म्हणाले. बाईंनी ते तसंच लिहून घेतलं आणि म्हणाल्या, जिथे खणणार आहात तिथे पांढऱ्या खुणा करून ठेवा. पांढरा रंग प्रस्तावित खोदकामाचा. रंगाचा डबा नसेल तर पीठसुद्धा चालेल.

फोन ठेवेपर्यंत आई रांगोळीचा डबा घेऊन बाहेर गेली होती.

बाबांनी टेपनं माप दिलं आणि आईनं वाकून सहा ठिकाणी वर्तुळं काढली, त्यांना जोडणाऱ्या रेषा काढल्या. बोटांच्या चिमटीतून सुटणारी तीच रेघ, जी मी आमच्या पुण्याच्या दारात लहानपणापासून पाहत आले. गवतावर ती नीट उठेना, तेव्हा तिनं हात आणखी खाली नेला. कडेला एक छोटं कमळ काढायचा मोह तिला आवरला नाही.

पुढच्या दोन दिवसांत तीन वेगवेगळ्या गाड्या आल्या. आपली नोंद ८११ कडे गेली की त्या भागात ज्यांच्या ज्यांच्या वाहिन्या आहेत त्या सगळ्यांना कळवलं जातं. मग प्रत्येकानं येऊन खूण करायची, नाहीतर ‘आमचं इथे काही नाही’ असं लेखी कळवायचं. सगळ्यांची उत्तरं आल्याखेरीज खणायचं नाही. रंग ठरलेले आहेत: लाल विजेचा, पिवळा गॅसचा, नारिंगी टेलिफोन-इंटरनेटचा, निळा पिण्याच्या पाण्याचा, हिरवा सांडपाण्याचा. शुद्ध करून पुन्हा वापरायच्या पाण्याला जांभळा आणि मोजणीच्या तात्पुरत्या खुणांना गुलाबी.

तिसऱ्या गाडीतून पंचविशीतला एक मुलगा उतरला. त्यानं गॅसच्या मीटरपाशी एक पेटी ठेवली, तिची चिमट्यासारखी तार नळीजवळच्या बारीक वायरीला लावली आणि दुसऱ्या हातात लांब दांड्याचं यंत्र घेऊन चालू लागला. आवाज वाढला की थांबायचं, दोन्हीकडे झुलवून बघायचं, जिथे आवाज सगळ्यात मोठा तिथे पिवळी रेघ मारायची. बाबा स्वेटर घालून त्याच्या मागे मागे. बाबांचं इंग्रजी तुटक आहे आणि त्या मुलाचा उच्चार त्यांना कळत नव्हता, पण दोन मिनिटांत त्या दोघांना एकमेकांचं सगळं समजायला लागलं. मी दुभाषी म्हणून गेले होते. माझी गरज उरली नाही.

बाबांनी मला समजावलं. पेटीतून तारेत एक ठराविक संकेत सोडतात. वाहत्या प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते मातीतून वर येतं आणि दांड्यातल्या वेटोळ्यांना कळतं. धातूची नळी असेल तर काम सोपं. हल्लीच्या गॅसच्या नळ्या प्लास्टिकच्या असतात आणि प्लास्टिकमधून संकेत जात नाही, म्हणून नळी पुरतानाच तिच्यासोबत एक बारीक तांब्याची वायर सोडून देतात. त्या वायरीचा रोजच्या वापरात काहीच उपयोग नसतो. पुढे कधीतरी कुणीतरी शोधायला येईल, एवढ्यासाठीच ती तिथे असते.

“ही आमची वीट,” बाबा म्हणाले.

त्यांच्या बोलण्यात वीट अनेकदा येते, म्हणून सांगते. भारतीय मानकांप्रमाणे लघुदाबाची केबल पाऊण मीटर खोल, ११ केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची, ९० सेंटिमीटर, ३३ केव्हीची १०५. हे आकडे त्यांना पाढ्यासारखे पाठ आहेत. चर खणायचा, खाली वाळू पसरायची, केबल ठेवायची, वर पुन्हा वाळू, त्यावर आडव्या विटा शेजारी शेजारी लावायच्या आणि मग माती लोटायची. कुणी विचारायचं की विटेनं केबलचं काय राखण होणार, पहारीच्या एका घावात फुटते ती. बाबा म्हणायचे, फुटू दे ना. वीट घाव सोसायला ठेवलेलीच नाही. जमिनीत तीन फुटांवर ओळीत लावलेल्या विटा आपोआप उगवत नाहीत. म्हणजे इथे कुणीतरी आधी येऊन गेलंय आणि काहीतरी ठेवून गेलंय. वीट लागली की थांबायचं.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पुण्याच्या एका पेठेत नळाच्या जोडणीसाठी खड्डा घेणारा मजूर थांबला नाही. त्याला थांबायचं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. विटा लागल्या, त्याला वाटलं जुन्या वाड्याचा पाया, आणि त्यानं पहार जोरानं हाणली. खाली ११ केव्हीची केबल होती. तो वाचला. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले आणि पुन्हा कधी पहार धरता आली नाही. केबल दुरुस्त करायला बाबा गेले तेव्हा फुटलेल्या विटेचे तुकडे खड्ड्यातच होते. त्या कंत्राटदारावर, कचेरीवर, नकाशा न मागणाऱ्यावर बाबा तेव्हा किती चिडले होते हे आई सांगते. मला सांगताना ते एवढंच म्हणाले, “त्याला वीट कळायला हवी होती गं.”

त्याच पेठांमध्ये चर घेताना एकदा घडीव दगड लागले होते. जुन्या मिस्त्रीनं सगळ्यांना बाजूला केलं आणि म्हणाला, कात्रजचा नळ आहे, हात लावू नका. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातलं पाणी जमिनीखालून थेट शनिवारवाड्यापर्यंत आणलं, वाटेत हौद भरत. त्या बांधीव वाटेवर मधूनमधून उच्छ्वास उभारले होते, कोंडलेली हवा बाहेर पडावी आणि आत उतरून गाळ काढता यावा म्हणून. वर चालणाऱ्याला उच्छ्वास दिसला की खालून पाणी जातंय हे कळायचं. बाबांच्या टोळीनं केबलची वाट चार फूट सरकवली. अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसानं ठेवलेल्या वस्तूला वळसा घालून त्यांनी आपली वस्तू ठेवली, वर विटा लावल्या. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळतो. नोकरीत मिळालेल्या कुठल्याही प्रशस्तिपत्रकाबद्दल ते असे बोलत नाहीत.

आपल्याकडे अजून वाहिन्या फोडण्याचं काय चाललंय हे पुण्यात राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. २२ मार्च २०२३ रोजी केंद्र सरकारनं ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं अ‍ॅप सुरू केलं. समन्वयाविना केलेल्या खोदकामामुळे दरवर्षी सुमारे ३००० कोटी रुपयांचं नुकसान होतं, असं तेव्हा सरकारनं सांगितलं होतं. खोदणारी यंत्रणा आणि खालच्या वाहिनीचा मालक यांची गाठ खोदण्याआधी पडावी हा त्यामागचा विचार, आणि तो मला मनापासून पटतो. पण बंगल्याच्या आवारात आंबा लावायला खड्डा घेणारा माळी अ‍ॅप उघडणार नाही. त्याला मालकानंच सांगायला हवं की बोअरच्या पंपाची केबल कुठून गेली आहे, फाटकाच्या दिव्याची वायर कुठून, गॅसची पिवळी नळी भिंतीतून कुठे बाहेर येते. किती मालकांना हे सांगता येईल? आमच्या पुण्याच्या घराचं मला तरी सांगता येणार नाही. बाबांना येतं.

तर, अंगण रंगलं. पुढच्या बाजूला लाल, पिवळ्या, निळ्या रेघा आणि छोटी झेंडी. मागच्या बाजूला एकच नारिंगी रेघ, कोपऱ्यातून तिरकी, आईच्या पाचव्या वर्तुळाला छेदून गेलेली. आई म्हणाली, बरं झालं, पाचवा खांब तसाही माझ्या मनात नव्हता. खुणा फक्त वाट सांगतात, खोली सांगत नाहीत, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन फुटांत यंत्र लावायचं नाही, हातानंच उकरायचं. आम्ही खांब तीन फूट सरकवून मोकळे झालो. सगळ्यांची उत्तरं आलेली होती. शनिवारी सकाळी खड्डे घ्यायचं ठरलं.

शुक्रवारी संध्याकाळी मी कोपऱ्यातल्या शेडमधून फावडी, घमेली काढत होते. बाबा मागच्या पायरीवर चहा घेत बसले होते. परत आले तर ते माझ्या खांद्यावरून शेडकडे बघत होते.

“तिथला दिवा लावलास ना तू?”

“हो. बंद करायचा राहिला. थांबा, जाते.”

“नको. राहू दे.” त्यांनी कप खाली ठेवला. “त्याला वीज कुठून येते?”

मी वर पाहिलं. घरापासून शेडपर्यंत आकाशात एकही तार नव्हती.

चार वर्षं मी तो दिवा लावत होते.

८११ च्या व्यवस्थेतली ही फट मला गंभीर वाटते, आणि ती पुरेशा मोठ्यानं कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. ८११ वरून येणारी माणसं त्यांच्या मालकीच्या वाहिन्या दाखवतात, म्हणजे साधारण मीटरपर्यंतच्या. मीटरपासून पुढे जे काही आहे ते घरमालकाचं. शेडचा दिवा, बागेतले फवारे, बाहेरच्या शेगडीला गेलेली गॅसची नळी, पोहण्याच्या तलावाचा हीटर, कुत्रा बाहेर जाऊ नये म्हणून पुरलेली वायर. कित्येक घरी रस्त्यापर्यंतची सांडपाण्याची नळीसुद्धा. हे कुठल्याच रेघेत दिसत नाही. हिरवंगार, रेघ नसलेलं गवत पाहून माणूस निर्धास्त होतो, आणि ही निर्धास्ती फोन न केलेल्या माणसापेक्षा फोन केलेल्या माणसाला जास्त असते.

शनिवारी कुणी फावडं उचललं नाही. बाबांनी आधी घरातलं पॅनेल उघडून एकेक ब्रेकर पाडला. चौदाव्याला शेडचा दिवा गेला. त्याच्यासमोर आधीच्या मालकानं पेन्सिलीनं नुसतं ‘इतर’ लिहिलं होतं. मग ते सकाळच्या तिरप्या उन्हात बाहेर येऊन गवताकडे बघत उभे राहिले. खणून भरलेली माती कितीही धोपटली तरी पुढे थोडी बसते. उन्हाची तिरीप असली की तो पट्टा किंचित खोलगट दिसतो, दव तिथे जरा जास्त वेळ टिकतं. बाबांनी आईकडून रांगोळी घेतली आणि घराच्या कोपऱ्यापासून शेडपर्यंत त्यांना दिसलेली रेघ ओढली. जवळजवळ सरळ. आमच्या खांबांपासून लांब.

“झालं की मग,” मी म्हणाले.

“हा माझा अंदाज आहे. अंदाजावर खणायचं नसतं.”

सोमवारी परवानाधारक इलेक्ट्रिशियन आला. त्यानं बंद केलेल्या त्या वायरीत संकेत सोडला आणि दांडा घेऊन निघाला. पहिले वीस फूट बाबांच्या रांगोळीवरून गेला. मग आवाज पडला. त्यानं दांडा डावीकडे नेला, उजवीकडे नेला, आणि बाबांच्या रेघेपासून पाच फूट बाजूला सरकून तो पुढे चालू लागला. एक मोठा वळसा घालून शेडजवळ पुन्हा रेघेवर आला. वळशाच्या टोकाला आईचं तिसरं वर्तुळ होतं, बरोबर मधोमध.

बाबा खाली बसले. वळशाच्या पोटात त्यांनी तळहातानं गवत दाबून पाहिलं. तिथली जमीन मऊ होती, परातीएवढी खोलगट. “इथे झाड असणार,” ते म्हणाले. “मोठं. त्याची मुळं चुकवायला त्यानं वायर वळवली. मग झाड गेलं, बुंधा कुजला, वळण राहिलं.” शेजारच्या काकांना विचारलं तर त्यांना आठवलं. मेपल होता. वादळात पडला, वीसेक वर्षं झाली.

केबल सापडली ती आठ इंचांवर. करडी, चपटी, कसल्याही नळीशिवाय तशीच मातीत टाकलेली. अशी उघडी पुरलेली केबल साधारण दोन फूट खोल असायला हवी. इलेक्ट्रिशियन मान हलवत राहिला. बाबा मात्र खुरप्यानं तिच्या कडेची माती सारत बोटानं तिच्यावरून चाचपत होते, कुठे टोचा आहे का बघत. एके ठिकाणी होता. जुना, काळा पडलेला. कुणाचं तरी फावडं आमच्याआधी तिथे येऊन गेलं होतं.

मी हे लिहिताना तीन फुटांच्या त्या खड्ड्याचा विचार करते. आठ इंच म्हणजे दुसरा किंवा तिसरा घाव. शनिवारी सकाळी नवं फावडं माझ्याच हातात असणार होतं, दंवानं ओल्या झालेल्या गवतावर, पायात चपला.

नवी वायर घालायची ठरली, पक्क्या प्लास्टिकच्या नळीतून, दीड फूट खोल, सरळ रेषेत. नगरपालिकेचा परवाना काढला. चर नव्या जागेतून जाणार म्हणून ८११ ला पुन्हा फोन केला, आईनं पुन्हा रांगोळी घातली, पुन्हा गाड्या आल्या. त्या मुलानं आईचं कमळ ओळखलं आणि त्यावर पाय न देता वळसा घालून गेला. या सगळ्यात मे महिन्याचे दोन आठवडे गेले. थंडीचं भय साधारण तेव्हाच सरतं, त्यामुळे दुधीचं काही बिघडलं नाही. रोपं खिडकीत पेल्यांमध्ये वाढत होती.

तपासनीस येऊन नळी बघून गेला. चर बुजवायच्या दिवशी बाबा सकाळपासून बाहेर. नळीवर वीतभर माती पडल्यावर त्यांनी हात वर करून थांबवलं. गराजमध्ये जुन्या पायवाटेच्या लाल विटा पडून होत्या. मी घमेल्यातून आणत गेले, ते गुडघ्यावर बसून लावत गेले. एकोणऐंशी वर्षांचे बाबा, एका हातानं जमिनीचा आधार घेत, दुसऱ्या हातानं वीट सरळ करत. इलेक्ट्रिशियननं विचारलं, याची गरज आहे का? इथे वरून इशाऱ्याची प्लास्टिकची पट्टी टाकतात, तीही टाकलीच होती. मी बाबांना विचारलं नाही. त्याला म्हणाले, आमच्याकडे लावतात. तो दोन मिनिटं बघत राहिला आणि मग त्यानंही चार विटा लावल्या.

रात्री जेवणं झाल्यावर बाबांनी टेबलावर कागद पसरला. घराची रूपरेषा, शेड, वायरीची वाट, नारिंगी रेघ, सहा खांब. प्रत्येक वळणाचं माप दोन ठिकाणांहून. मी मदतीला म्हणून एक अंतर कुंपणाजवळच्या चेरीपासून मोजून आणलं.

“झाडापासून माप घेऊ नकोस,” ते म्हणाले. “झाड जातं.”

“शेडपासून घेऊ?”

“शेडही जाईल. घराचे दोन कोपरे घे.”

कागदावरची नावं त्यांनी मराठीत लिहिली, मी प्रत्येकाखाली इंग्रजी लिहिलं. हे घर पुढे कोण घेईल कुणास ठाऊक. तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवला. चौदाव्या ब्रेकरसमोरचं ‘इतर’ खोडून ‘शेड’ लिहिलं.

जुलैच्या अखेरीस दुधी लागला. आईनं कोवळा होता तोवरच दोन उतरवले, एक काकांकडे गेला. अळू नळाजवळ दाट झालं होतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, त्यांच्या परतीच्या आदल्या दिवशी, बॅगा भरून दारात ठेवलेल्या होत्या आणि बाबा कुठे दिसेनात. मागे गेले तर ते टेप आणि तो कागद घेऊन घराच्या कोपऱ्याशी वाकलेले. टेपचं दुसरं टोक आईच्या हातात, ती मांडवाच्या तिसऱ्या खांबाशी उभी.

“काय करताय?”

“पडताळून बघतोय. त्या दिवशी रात्री दिव्यात लिहिलं होतं.”

एक आकडा दोन इंचांनी चुकला होता. त्यांनी तो खोडला, शेजारी नवा लिहिला आणि खाली त्या दिवशीची तारीख घातली.